बाळूंचा डावा हात

पालवणकर बाळूंना गोलंदाजी टाकताना पाहिलेले डोळे आता उरलेले नाहीत. उरले आहेत ते धावफलक, काही छायाचित्रे, समकालीनांनी लिहिलेली थोडी वर्णने आणि धाकटे भाऊ विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८चे पुस्तक. एवढ्यावरून एखाद्या गोलंदाजाचे रसग्रहण करता येते का? माझ्या मते येते. जुना धावफलक नीट वाचता आला, तर त्यात माणसाची चाल दिसते, त्याचा धीर दिसतो, कप्तानाचा त्याच्यावरचा भरवसा दिसतो. आणि बाळूंच्या बाबतीत तर धावफलकाबाहेर ठेवलेल्या गोष्टीही दिसतात.

आधी आकडे. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. त्या काळी धावा कमीच होत, सामने तीन दिवसांचे असत, म्हणून सरासरीने हुरळून जायचे कारण नाही. खरी नजर टाकायची ती तारखांवर. बाळूंचा जन्म १८७६चा, आणि ही नोंद सुरू होते १९०६च्या सुमारास. म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या बोटांत जी वर्षे सर्वांत ताजी असतात, ती विशीतली जवळजवळ सगळी वर्षे या हिशेबात नाहीतच. पुण्याच्या मैदानांवर, नेटमध्ये, क्लबांच्या सामन्यांत टाकलेले हजारो चेंडू कुणी मोजले नाहीत. १७९ बळी हे तिशीला टेकल्यानंतरच्या माणसाचे आहेत. त्यांतले ७५ एकट्या १९११च्या इंग्लंड दौऱ्यातले, सरासरी विसाच्या आसपास. ते वजा केले तर मायदेशातले १०४ बळी उरतात आणि त्यांची सरासरी बाराच्या आत येते. उशिरा मोजायला घेतलेल्या कारकिर्दीत असा हिशेब निघतो, तेव्हा न मोजलेल्या वर्षांबद्दलची ओढ आणखी वाढते.

आता हात. बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. या जातीच्या गोलंदाजीचे मर्म असे, की उजव्या हाताच्या फलंदाजाकडे चेंडू आत येतोसा वाटतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर निघून जातो. हवेत एक दिशा, जमिनीवर दुसरी. फलंदाज पहिल्या दिशेला पाय टाकून बसतो आणि बॅटची कड दुसरीला लागते. पण एवढे तर त्या काळी अनेकांना येत होते. बाळूंबद्दल समकालीनांनी जे लिहून ठेवले आहे त्यातले बारकावे निराळे आहेत. ते हात कधी खाली ठेवून, कधी मध्यम उंचीवरून, कधी उंच नेऊन चेंडू सोडत. त्यांचा चेंडू दोन्ही बाजूंना वळे आणि हवेतही वाकडा जाई. या तीन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. चेंडू सोडण्याची उंची बदलली की टप्पा बदलतो, उसळी बदलते, चेंडू नजरेला पडायची वेळही बदलते. म्हणजे फलंदाजाने एका षटकात जुळवलेला अंदाज पुढच्या षटकात निरुपयोगी. त्यातही फिरक कायम ठेवून हाताची उंची बदलणे ही बोटांची नव्हे, तर अख्ख्या शरीराच्या तोलाची करामत आहे. खांदा उतरला की मनगटाचा कोन बिघडतो. तो बिघडू न देता तिन्ही उंचींवरून तोच चावा चेंडूला देणारा गोलंदाज शंभर वर्षांनंतर नुसत्या वर्णनातूनही रोमांच उभे करतो.

हा तोल आला कुठून? घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळू धारवाडला जन्मले आणि पुण्यात वाढले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते आणि भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पुढे १८९२च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपये. तिथे ट्रॉस नावाच्या गोऱ्या खेळाडूने त्यांच्यातला गोलंदाज हेरला आणि नेटमध्ये चेंडू टाकायला लावले. मग आला कॅप्टन ग्रेग, पुढे हॅम्पशायर कौंटीकडूनही खेळलेला नाणावलेला फलंदाज. इतरांच्या आधी तो मैदानावर यायचा आणि तासन् तास बाळूंचे चेंडू खेळायचा. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे.

आठ आण्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यामागचे दुसरेच काही मोलाचे वाटते. नेटमधला गोलंदाज हा क्षेत्ररक्षकांवाचूनचा गोलंदाज असतो. स्लिप नाही, सीमारेषेवर कुणी नाही, पंच नाही. झेल उडाला की नाही याचा निवाडा फलंदाजाच्या चेहऱ्यावरून करायचा. अशा जागी वर्षानुवर्षे एकाच पट्टीच्या फलंदाजाला टाकत राहिलेल्या माणसाला एक वेगळीच विद्या येते. फलंदाजाचे पाय वाचण्याची. त्याचा मागचा पाय कधी हलतो, पुढचा पाय किती लांब पडतो, खांदा कधी उघडतो. आणि खेळपट्टी तर बाळूंनी स्वतःच्या हातांनी झाडलेली, दाबलेली. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे ओल राहिली आहे, सकाळचे ऊन कोणत्या टोकाला आधी पडते, हे त्यांना रोलरच्या दांड्यातून कळत असणार. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची गोष्ट सांगतात. बाळूंची फिरकी बोथट करायची म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला होता. तरी बाळूंनी सात बळी घेतले. रोलर फिरवणाऱ्या माणसाविरुद्ध रोलर हे हत्यार चालत नाही, हे सातारकर साहेबांच्या ध्यानात आले नव्हते.

पूना क्लबाने त्यांना एक गोष्ट मात्र दिली नाही. बॅट. तासन् तास चेंडू टाकणाऱ्या बाळूंना नेटमध्ये फलंदाजी करू दिली जात नसे. बॅट हा साहेबाचा अधिकार, चेंडू टाकणे हे नोकराचे काम. आता आकड्यांकडे परत जा. बाळूंच्या प्रथम श्रेणीत ७५३ धावा आहेत, सरासरी १३.६९. शिकायच्या वयात ज्याच्या हाती बॅट येऊ दिली नाही, त्या माणसाने तिशीला टेकल्यावर काढलेल्या या धावा आहेत. मला त्यातली प्रत्येक धाव खणून काढल्यासारखी वाटते.

पुण्याच्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि युरोपियनांना रोज नेटमध्ये चकवणारा माणूस गावातच होता. त्याला घ्यावे की नाही यावर वाद झाला. संघातल्या तेलुगु सभासदांची हरकत नव्हती, पुणेरी ब्राह्मणांची होती. अखेर बाळू खेळले. मैदानावर ते इतरांबरोबर होते. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. इतरांचा आत, चिनी मातीच्या कपात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी हवे तर तेही अस्पृश्य समाजातलाच नोकर आणून देणार.

या प्रसंगाकडे रसिकाच्या नजरेने पाहणे क्रूरपणाचे वाटेल. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा. तो बाळूंच्या घामेजल्या बोटांतून सुटायचा, बॅटची कड घ्यायचा आणि स्लिपमधल्या सवर्ण हातांत विसावायचा. तिथून पुन्हा हातोहात बाळूंकडे यायचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झेल घेणाऱ्याचे आणि गोलंदाजाचे नाव एकाच ओळीत छापून येई. कप निराळा, ताट निराळे, ओळ मात्र एक. धावफलक भरणारा कारकून समाजसुधारक नव्हता. तो फक्त खेळाचा नियम पाळत होता. पण त्या काळच्या पुण्यात या दोन नावांना शेजारी बसवणारा याहून साधा कागद दुसरा कुठला होता, हे मला आठवत नाही.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला आले. १८९४मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्यातही तोच वाद झाला आणि कप्तान कीर्तिकरांच्या पुढाकाराने तोही मिटला. मग फेब्रुवारी १९०६चा युरोपियनांविरुद्धचा सामना. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. फरक १०९ धावांचा. बाळू आणि संघातले दुसरे गोलंदाज एराशा ही जोडी दोन्ही डावांत गोऱ्या फलंदाजांना पुरून उरली. या चार आकड्यांतला शेवटचा चवीने वाचा. चौथ्या डावात युरोपियनांना २१२ हव्या होत्या, म्हणजे पहिल्या डावात केल्या त्याहून फक्त २१ जास्त. न होण्यासारख्या नव्हत्या. पण तिसऱ्या दिवसाची खेळपट्टी, उघडलेल्या भेगा, आणि हवेत आत येऊन जमिनीवर बाहेर जाणारा चेंडू. निम्म्या धावाही न करता डाव आटोपला. देशात तेव्हा वंगभंगाचा आणि स्वदेशीचा जोर होता, त्यामुळे या विजयाचा अर्थ लोकांनी मैदानाबाहेरही लावला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने तर पराक्रमापेक्षा जास्त कौतुक सहभोजनाचे केले. मुंबईत बाळू आता संघाबरोबर जेवत होते. मला त्या पत्राचा आनंद समजतो. तरी मी १०२ या आकड्यापाशीच रेंगाळतो, कारण त्या पंगतीची वाट याच आकड्याने मोकळी केली.

आता १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचा बराच वेळ पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत गेला, आणि संघातले उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांचे सचिव असल्याने तेही संघाला फारसे मिळाले नाहीत. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी संघ दहा हरला. अशा संघात पस्तिशीच्या बाळूंनी, प्रथम श्रेणीबाहेरचे सामने धरून, एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४.

इथे एक गोष्ट निसटून जाते, म्हणून थांबतो. संथ डावखुऱ्या गोलंदाजाला इंग्लंड मानवते ते तिथल्या पावसामुळे. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून गेला आणि वर ऊन आले की माती चिकट होई आणि चेंडू मनासारखा वळे. बाळूंच्या पिढीचा विल्फ्रेड रोड्स अशाच मातीवर मोठा झाला. बाळूंना ‘हिंदुस्थानचा रोड्स’ म्हणणारे पुष्कळ होते. पण १९११चा उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासातला विलक्षण कोरडा आणि उष्ण उन्हाळा होता. ऑगस्टात पारा छत्तिसाच्या वर गेला. खेळपट्ट्या कडक, पाटा, फलंदाजांच्या बाजूच्या. ज्या चिकट मातीवर बाळू सर्वांत घातक मानले जात, ती त्यांना फारशी मिळालीच नाही. ११४ हा आकडा कोरड्या उन्हाळ्यातला आहे, हे कळल्यावर तो दुप्पट गोड लागतो.

दौऱ्यातल्या प्रथम श्रेणीच्या दोन विजयांपैकी पहिला लेस्टरशायरवर. तिथे बाळूंचे अकरा बळी. दुसरा सॉमरसेटवर, अवघा एक गडी राखून, आणि त्यात भाऊ शिवराम यांच्या नाबाद ११३. ज्या घरातल्या थोरल्याला नेटमध्ये बॅट धरू दिली नव्हती, त्या घरातल्या धाकट्याने टॉन्टनला शतक काढून सामना जिंकून दिला. यावर आणखी काही लिहायची मला गरज वाटत नाही.

मात्र माझे सर्वांत आवडते विश्लेषण पराभवाच्या बाजूचे आहे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी. बहुतेकांची नजर आठवर जाते. माझी एकशे तीनवर. आठ बळी घेणारा गोलंदाज शंभरावर धावा देतो, तेव्हा दोन गोष्टी घडलेल्या असतात. एक, त्याने फार वेळ गोलंदाजी केली आहे, कारण दुसऱ्या टोकाकडून कप्तानाला काही मिळत नव्हते. दोन, त्याने फटके बसू दिले आहेत. चेंडूला उंची देणारा गोलंदाज फलंदाजाला पुढे यायचे आमंत्रण देतो. काही वेळा फलंदाज आमंत्रण स्वीकारून चौकार मारतो. भित्रा गोलंदाज पुढचा चेंडू सपाट आणि आखूड टाकतो. बाळूंनी तसे केले असते तर धावा साठ झाल्या असत्या आणि बळी तीन. त्यांनी तसे केले नाही. एखादा गवई अवघड जागा हुकली तरी पुढच्या आवर्तनात पुन्हा त्याच जागेवर जातो, तशी ही वृत्ती. मागे यष्टिरक्षक के. शेषाचारींसारखा चपळ माणूस असताना क्रीज सोडून पुढे आलेल्या फलंदाजाला परतायला किती क्षण मिळत असतील, याची कल्पना करावी आणि मग ते १०३ पुन्हा वाचावे. ती उधळपट्टी नाही, ती गुंतवणूक आहे.

गोलंदाज म्हणून सर्वमान्य झालेल्या या माणसाला हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. १९१० ते १९२० या काळात मागणी होत राहिली, वर्तमानपत्रांत पत्रे येत राहिली. कप्तान एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात जाहीरपणे सांगितले, की ज्येष्ठतेने हा मान बाळूंचा आहे. तरी झाले नाही. १९२०मध्ये बाळूंना संघातून वगळले तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्र काढून संघ सोडला. शेवटी तडजोड झाली, बाळू उपकप्तान झाले आणि मुंबईच्या चौरंगी स्पर्धेच्या (युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम) अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेले असता थोडा वेळ संघ बाळूंच्या हाती आला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या वाट्याला आलेले हे नेतृत्व. त्या षटकांत त्यांनी क्षेत्ररक्षण कसे लावले असेल, हे जाणून घेण्यासाठी मी काय वाटेल ते देईन. वीस वर्षे इतरांनी लावलेल्या क्षेत्ररक्षणाला टाकणाऱ्या गोलंदाजाच्या मनात स्वतःचे एक क्षेत्ररक्षण तयार असतेच. १९२३मध्ये विठ्ठल कप्तान झाले, हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्याला नाकारलेले दार धाकट्यासाठी उघडले, ते थोरल्याने दहा वर्षे ठोठावल्यामुळे.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये याच सुमारास दार पुरते बंद झाले होते. १८८३मध्ये शिकागोचा नामवंत खेळाडू कॅप ॲन्सन टोलेडोच्या मोझेस फ्लीटवूड वॉकरविरुद्ध खेळायला तयार नव्हता, कारण वॉकर कृष्णवर्णीय. त्या वेळी तो नाइलाजाने खेळला, पण पुढच्या काही वर्षांत कृष्णवर्णीयांना मोठ्या संघांतून हद्दपार केले गेले, ते १९४७मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. त्यांच्या वेगळ्या लीगमधले आकडे मुख्य नोंदीत धरायला २०२४ उजाडले. ॲन्सनचा विक्रम मोठा की त्याचा द्वेष मोठा, हा वाद तिथे अजून चालतो. आपल्याकडे दार अर्धवट उघडे होते. गोलंदाजी करा, कप्तानी मागू नका. अर्धवट उघडे दार बंद दारापेक्षा बरे की जास्त फसवे, हाच प्रश्न पुढे राजकारणात आला, आणि बाळूंचा वारसा वादाचा झाला तो तिथे.

१९११च्या दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे रामचंद्र गुहा यांनी ‘ए कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या पुस्तकात नोंदवले आहे. एकवीस वर्षांनी दोघे समोरासमोर आले. १९३२मध्ये बाबासाहेब विभक्त मतदारसंघांसाठी, म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत यासाठी, झगडत होते. बाळू दलित पुढारी एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले, राजा-मुंजे कराराचे समर्थन केले. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७च्या निवडणुकीत भायखळा-परळमध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५.

यावरून बाळूंना कुणी दूषण देते, कुणी हे पान उलटून पुढे जाते. दोन्ही मला घाईचे वाटते. ज्या बारकाईने आपण त्यांचे बळी वाचतो, त्याच बारकाईने हेही वाचायला हवे. बाळूंच्या आयुष्यातला पुरावा काय सांगत होता? एकत्र संघात राहिलो म्हणून बाहेरचा मातीचा पेला जाऊन आतले टेबल मिळाले. एकत्र राहिलो म्हणून धाकटा भाऊ कप्तान झाला. इंचाइंचाने का होईना, खेळपट्टी बदलते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवले होते. संयुक्त मतदारसंघ त्यांना संयुक्त संघासारखा दिसला असावा. आणि बाबासाहेबांनी त्याच धावफलकात काय वाचले असेल? देशातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज, दहा वर्षे मागणी, खुद्द कप्तानाची कबुली, आणि तरीही निवड समिती दुसऱ्यांच्या हाती असेपर्यंत कप्तानपद नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे: निवडणारे हात आपले असले पाहिजेत. मला स्वतःला बाबासाहेबांचे वाचन जास्त खोल वाटते. पण बाळूंचे वाचन भाबडे किंवा लाचार म्हणणे मला मान्य नाही. ते भोगलेल्या माणसाचे वाचन होते. एकाच माणसाच्या कारकिर्दीतून या देशातला एवढा मोठा वाद दोन्ही बाजूंनी मांडता येतो, यात मला त्या कारकिर्दीची उंची दिसते.

आणखी एका वारशाबद्दल बोलले पाहिजे. ‘लगान’मधल्या कचराला पाहताना अनेकांना बाळू आठवतात. चित्रपट मला आवडतो, पण कचराची फिरकी त्याच्या अधू हातातून आपोआप येते. आशुतोष गोवारीकरांना कथेत तो चमत्कार हवा असेल. बाळूंच्या हातात मात्र चमत्कार काहीच नव्हता. तिथे होते तीन रुपये महिन्याचे रोलर, ग्रेगसमोरच्या असंख्य सकाळी, तीन उंचींवरून सुटणारा आणि तिन्हींवर काबू असलेला हात. दलित खेळाडूच्या कौशल्याला निसर्गाची देणगी म्हणणे हा त्याची मेहनत काढून घेण्याचा सोपा मार्ग आहे. म्हणून हा फरक मी पुन्हा पुन्हा सांगतो.

हे सगळे मी कोल्हारात बसून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. आमच्या प्रवरा नदीच्या वरच्या अंगाला आश्वी खुर्द, अजिंक्य रहाणेचे जन्मगाव. खालच्या अंगाला श्रीरामपूर, ३११ कसोटी बळी घेणाऱ्या डावखुऱ्या झहीर खानचे. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाला मेलबर्नला रहाणेने बदली कप्तान म्हणून सावरले, ११२ धावा काढल्या आणि मालिका जिंकून आणली. तेव्हा या पट्ट्यातल्या गावागावांतून फटाके वाजले. मोठ्या शहराबाहेरचा मुलगा देशाचा कप्तान होऊ शकतो, हे आता कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटू नये यासाठी कुणीतरी आधी दहा वर्षे नकार पचवला होता, हे मात्र इथल्या पोरांना कुणी सांगत नाही.

बाळूंच्या जातीची संथ डावखुरी फिरकी महाराष्ट्राने पुढेही जपली. नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णींनी १९६४मध्ये मद्रासला सलग २१ निर्धाव षटके टाकली. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. नाडकर्णींचा बाणा धाव न देण्याचा, बाळूंचा धाव देऊन बळी घेण्याचा. मला मोह बाळूंच्या बाजूचा होतो. कोल्हारच्या आसपास कुठेही टेनिस बॉलचे सामने चालू असले आणि एखादा डावखुरा पोरगा संथ चेंडू टाकत असला, तर षटकार बसल्यानंतरचा त्याचा पुढचा चेंडू बघा. बहुतेक पोरे तो जोरात आणि सपाट टाकतात. एखाद्याने तो पुन्हा तितकाच उंच, पण हातभर आखूड टाकला आणि फलंदाज पुन्हा पुढे सरसावला, तर जागेवरून उठू नका.